नाचणारा संन्यासी : श्रीचैतन्य महाप्रभू

आषाढ शुद्ध द्वितीयेला आपल्या पालख्या वाटेवर असतात. पायांना फोड आलेले, अंगावर पावसाची बुरबुर, पण टाळाचा ठेका काही चुकत नाही. नेमक्या त्याच दिवशी पूर्व समुद्राच्या काठी, जगन्नाथपुरीला, जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे तीन रथ मोठ्या रस्त्यावर ओढले जातात. गुंडिचा मंदिरात मुक्काम करून देव दशमीला माघारी फिरतात. एकादशीला आपण चंद्रभागेत स्नान करीत असतो, तेव्हा तिकडे जगन्नाथ देवळापुढे रथावरच सोन्याचे अलंकार लेऊन बसलेले असतात. देव एकच आणि पंधरवडाही एकच, मध्ये मुलूख तेवढा आडवा पडला आहे.

त्या रथापुढे पाचशे वर्षांपूर्वी दरसाल एक संन्यासी नाचत असे. वर्ण गोरा, दोन्ही हात आकाशाकडे, डोळ्यांतून धारा. संन्याशाने नाचावे काय, असा प्रश्न त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांना पडला होता. या संन्याशाचे नाव श्रीकृष्णचैतन्य. बंगालात त्यांना गौरांग म्हणतात, महाप्रभू म्हणतात. त्यांच्या नाचण्याने कोणाकोणाचे आयुष्य फिरले आणि कोण कोण एका रिंगणात आले, एवढेच आज सांगायचे आहे. त्यांचा सिद्धान्त आणि गोस्वाम्यांचे ग्रंथ हा विषय फार मोठा आहे, तो अधिकारी मंडळींनी सांगावा.

इ. स. १४८६ च्या फाल्गुनी पौर्णिमेला गंगेकाठच्या नवद्वीप गावी त्यांचा जन्म झाला. त्या रात्री चंद्रग्रहण होते. आपल्याकडे त्या दिवशी होळी पेटते. वडील जगन्नाथ मिश्र, आई शचीदेवी. पाळण्यातले नाव विश्वंभर, पण सगळे निमाई म्हणत. विश्वरूप नावाचा थोरला भाऊ होता. तो लहान वयातच संन्यास घेऊन निघून गेला तो परत आलाच नाही. हा भाऊ वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गाठ पंढरीत पडणार आहे.

नवद्वीप म्हणजे विद्येचे माहेरघर. गल्लोगल्ली पाठशाळा आणि घाटावर वादविवाद. निमाई पंडित व्याकरण शिकवीत आणि बुद्धीचा ताठा इतका, की वैष्णव मंडळी त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीने जात. कोणाला कोठे शब्दात पकडतील याचा नेम नसे! पहिली पत्नी लक्ष्मी सर्पदंशाने वारली. पुढे विष्णुप्रियेशी लग्न झाले. वडिलांच्या श्राद्धासाठी निमाई गयेला गेले, तिथे ईश्वरपुरींची भेट झाली, मंत्र मिळाला, आणि परत आला तो निराळाच माणूस. व्याकरणाचे सूत्र सांगायला बसावे तो प्रत्येक शब्दाचा अर्थ कृष्ण. शिष्य बिचारे गोंधळले. अखेर पोथ्या बांधल्या गेल्या आणि पंडितांनी शिष्यांना टाळ्या वाजवून नाम घ्यायला शिकवले. पाठशाळेचे कीर्तन झाले ते असे.

कीर्तन होई श्रीवास पंडितांच्या अंगणात, रात्री, दार लावून. अद्वैताचार्यांसारखे वृद्ध, नित्यानंदांसारखे अवधूत, मुरारी गुप्तांसारखे वैद्य आणि मुसलमान घरात वाढलेले हरिदास अशी मंडळी जमत. साथीला खोल आणि करताल. आपला पखवाज लाकडाचा असतो. बंगाली खोलाचे खोड भाजलेल्या मातीचे, एक तोंड रुंद आणि एक अगदी चिंचोळे. गळ्यात अडकवून वाजवणारासुद्धा सहज नाचू शकतो. कीर्तन संथ सुरू व्हायचे, लय हळूहळू चढायची, मग पाय आपोआप उचलले जायचे. निमाई नाचता नाचता धाडकन जमिनीवर पडत, म्हणून नित्यानंद हात पसरून सतत मागे मागे असत. अंगाला कंप, रोमांच, आवाज फुटेनासा होणे ही सात्त्विक भावांची लक्षणे चरित्रकारांनी बारकाईने लिहून ठेवली आहेत. ज्याने वाळवंटात रंगलेले कीर्तन पाहिले आहे त्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या नामदेवरायांनी हा रंग दीडशे वर्षांहून आधीच दाखवला होता.

याच अंगणात एके रात्री कीर्तन ऐन भरात असताना घराच्या आत श्रीवासांचा मुलगा वारला. आधीपासून आजारी होता. बायकांनी हंबरडा फोडला. श्रीवास आत गेले आणि त्यांनी सगळ्यांना बजावले, की बाहेर प्रभू नाचत आहेत, तुमच्या रडण्याने त्या आनंदात खंड पडला तर मी गंगेत उडी घेईन. मग बाहेर येऊन ते पुन्हा नाचू लागले. पुष्कळ रात्र झाल्यावर निमाईंना बातमी कळली. ते ढसाढसा रडले. तुमचा एक गेला, आता मी आणि नित्यानंद असे दोन पुत्र तुमचे, असे त्यांनी श्रीवासांना सांगितले. बायकांना रडूही न देणे हे आपल्याला कठोर वाटते, आणि ते कठोर आहेच. पण श्रीवास नाचले ते मुलगा विसरले म्हणून नव्हे, एवढे मात्र आपण ओळखावे.

श्रीवासांचे कपडे शिवणारा एक मुसलमान शिंपी होता. हा गरीब माणूस अंगणात कामाला येई. एकदा निमाईंना पाहून त्याला काय दिसले कोण जाणे! पाहिले, पाहिले, असे ओरडत तो वेड्यासारखा नाचू लागला, आणि पुढे भक्तांत गणला गेला. त्याचे नाव चरित्रात येत नाही. नामदेवरायही शिंपीच. सुईदोऱ्याच्या या धंद्यात काही गुण असला पाहिजे.

आणखी एक गंमत. या मंडळींनी चंद्रशेखर आचार्यांच्या घरी एकदा सोंगे आणली. निमाई स्वतः रुक्मिणी झाले, लुगडे नेसून, दागिने घालून नाचले. श्रीवास नारद. नित्यानंद म्हातारी आजीबाई. आणि हरिदास मोठ्या मिशा लावून, हातात दंडा घेऊन कोतवाल! लोकांना जागे व्हा जागे व्हा म्हणत ते रंगणभर फिरले. शचीमाता आणि विष्णुप्रिया बायकांत बसून हे पाहत होत्या. भारुड पाहणाऱ्या आपल्या मंडळींना हे दृश्य परके वाटणार नाही.

आतापर्यंत नाच दाराआड होता. तो रस्त्यावर आला तो एका मनाई हुकुमाने. नवद्वीपच्या काझीने एका घरी जाऊन मृदंग फोडला आणि कीर्तन बंद करण्याचा हुकूम दिला. लोक भ्याले. निमाईंनी सांगितले, आज रात्री प्रत्येकाने मशाल घेऊन बाहेर यावे. सगळे गाव लोटले. तीन मेळे केले आणि पहिल्या मेळ्याच्या पुढे नाचायला उभे केले हरिदासांना. पहा कसे, काझीच्या दारी जायचे तर मुसलमान घरातला माणूस सर्वांच्या पुढे! दुसऱ्यात अद्वैताचार्य, तिसऱ्यात स्वतः निमाई आणि नित्यानंद. जमावातल्या काहींनी काझीच्या बागेची आणि घराची नासधूस केली, हेही चरित्रकारांनी लपवलेले नाही. काझी आत दडला. निमाई दाराशी बसले आणि चार सभ्य माणसे पाठवून त्यांनी त्याला बाहेर बोलावले. मग निघाले गावातले नाते. निमाईंचे आजोबा नीलांबर चक्रवर्ती यांना काझी काका म्हणे, तेव्हा काझी हा निमाईंचा मामा. भाचा दारी आला आणि मामा घरात लपला, अशी थट्टा झाली, बोलणे झाले. माझ्या कुळात यापुढे कोणी कीर्तन अडवणार नाही, असे काझीने कबूल केले. त्याची कबर नवद्वीपजवळ मायापूरकडे आहे आणि वैष्णव तिला नमस्कार करतात.

काझीकडून परतताना हा मेळा श्रीधर नावाच्या केळीची पाने आणि सोपटे विकणाऱ्या गरिबाच्या झोपडीशी थांबला. दारात एक फुटके लोखंडी भांडे पडले होते. निमाई त्यातले पाणी प्यायले. गावातला नावाजलेला पंडित फुटक्या भांड्यातून पाणी पितो आहे हे पाहून श्रीधरला मूर्च्छा आली.

१५१० च्या माघात निमाईंनी घर सोडले आणि काटोया येथे केशव भारतींकडून संन्यास घेतला. वय चोवीस. केस उतरवताना न्हाव्याचा हात चालेना. विष्णुप्रिया घरी राहिली. आमच्या संतांपैकी पुष्कळांनी प्रपंचात राहून परमार्थ केला. राजाई नामदेवरायांशी भांडली, जिजाई तुकोबांशी भांडली, पण भांडायला नवरा समोर होता. विष्णुप्रियेच्या वाट्याला तेही सुख आले नाही. ज्या नाचाने इतक्या घरांना आनंद दिला त्याची किंमत त्या एका घराने मोजली, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आईने मात्र एवढे मागून घेतले, की फार दूर जाऊ नको, पुरीला रहा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून तुझी खबर कळेल. म्हणून पुरी.

पुरीहून ते लगेच दक्षिणयात्रेला निघाले. गोदावरीकाठी रामानंद राय भेटले, श्रीरंगम् झाले, उडुपी झाले, कोल्हापूर झाले, आणि स्वारी पंढरीला आली. ही गोष्ट १५१० ते १५१२ या काळातली. एकनाथमहाराज अजून जन्मालाही आले नव्हते. विठ्ठलापुढे चैतन्य गायले, नाचले. गावात श्रीरंगपुरी नावाचे एक वृद्ध संन्यासी उतरले आहेत असे कळले. हे ईश्वरपुरींचे गुरुबंधू. दोघांच्या गोष्टी पाच-सात दिवस चालल्या. बोलता बोलता श्रीरंगपुरींनी नवद्वीपची आठवण काढली. तिथे जगन्नाथ मिश्र नावाच्या ब्राह्मणाच्या घरी त्यांनी भिक्षा घेतली होती, त्या घरच्या माउलीने केलेली केळफुलाची भाजी ते विसरले नव्हते. त्या बाईचा मोठा मुलगा तरुणपणी संन्यासी झाला, शंकरारण्य नाव घेतले, आणि याच पंढरीत त्याने देह ठेवला, असे ते सहज सांगून गेले. समोर कोण बसले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मग चैतन्यांनी सांगितले, की तो माझा भाऊ, आणि ते जगन्नाथ मिश्र माझे वडील. आईच्या हातची भाजी आणि भावाचा मृत्यू, दोन्ही एकाच वाक्यात, आणि तेही विठोबाच्या गावी. श्रीरंगपुरी द्वारकेकडे निघून गेले. चैतन्य आणखी चार दिवस भीमेच्या स्नानाला आणि विठ्ठलाच्या दर्शनाला राहिले. तुकोबारायांच्या गुरुपरंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य ही नावे आहेत, त्यावरून काही जण बंगालशी धागा जोडतात. केवळ नावावरून एवढे म्हणता येत नाही. पण विठोबापुढे गौरांग नाचले, ही गोष्ट कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृतात स्पष्ट लिहिली आहे.

आता पुरीचा सोहळा. बंगालचे भक्त दरवर्षी रथयात्रेला पायी निघत आणि चातुर्मास पुरीत काढत. ही त्यांची वारीच. शिवानंद सेन नावाचे गृहस्थ सर्वांच्या उताराचे पैसे भरत, मुक्कामाची सोय बघत. एकदा एक कुत्रा सोबत चालू लागला. नावाड्याने त्याला होडीत घेण्याचे नाकारले, तर शिवानंदांनी त्याचे वेगळे पैसे भरले. राघव पंडितांची बहीण दमयंती वर्षभर टिकतील असे जिन्नस करून झोळ्या भरून पाठवी. रथयात्रेच्या आधी गुंडिचा मंदिर झाडायचे. चैतन्य स्वतः खराटा घेत आणि कोणी किती केर काढला ते ढीग पाहून ठरवीत.

रथापुढे सात दिंड्या उभ्या राहत. चार पुढे, दोन बाजूंना, एक मागे. बंगालच्या मुख्य चार दिंड्यांत प्रत्येकी एक मूळ गाणारा, पाच झील धरणारे, दोन मृदंगी आणि एक नाचणारा. नाचणारे कोण? पहिल्या दिंडीत अद्वैताचार्य, दुसरीत नित्यानंद, तिसरीत हरिदास, चौथीत वक्रेश्वर पंडित. हे वक्रेश्वर म्हणजे कमालीचे. तीन अहोरात्र न थांबता नाचत, असे त्यांच्याविषयी लिहिले आहे. सातही दिंड्यांचे मिळून चौदा मृदंग एकदम वाजत. मग महाप्रभू मध्ये शिरत आणि जोराने उसळ्या घेत नाचत. त्या नृत्याला बंगालीत उद्दंड नृत्य म्हणतात.

गर्दी आवरायला तीन कडी करावी लागत. बाहेरचे कडे खुद्द ओढ्या देशाचा राजा गजपती प्रतापरुद्र आपल्या मंत्र्यांसह सांभाळी. या राजाला चैतन्यांची भेट हवी होती आणि संन्याशाने राजाला भेटू नये म्हणून ते नाकारत होते. पण रथापुढचा रस्ता सोन्याच्या दांड्याच्या झाडूने राजा स्वतः झाडतो हे त्यांनी पाहिले आणि मन मऊ झाले. ही झाडण्याची सेवा गजपतींच्या घराण्याकडे आजही आहे. पुढे बागेत विश्रांती घेत असताना राजा साध्या वैष्णवाच्या वेषात आला, पाय चेपू लागला, भागवतातले गोपीगीत म्हणू लागला, तेव्हा त्यांनी त्याला मिठी मारली.

त्याच गर्दीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. राजा हरिचंदन नावाच्या मंत्र्याच्या खांद्यावर हात ठेवून नृत्य पाहत होता. पुढ्यात श्रीवास पंडित उभे, अगदी रंगून गेलेले. राजाला दिसेना म्हणून हरिचंदन त्यांना हाताने बाजूला सारू लागला. एकदा सारले, दोनदा सारले. श्रीवासांनी मागे न पाहता त्याला एक थोबाडीत ठेवून दिली! मंत्री भडकला. राजाने त्याला आवरले. तू भाग्यवान, तुला या माणसाच्या हाताचा स्पर्श झाला, आमच्या नशिबी तोही नाही, असे राजा म्हणाला. अंगणात मुलगा गमावलेले हेच ते श्रीवास.

काशीला मात्र त्यांची टवाळी झाली. प्रकाशानंद सरस्वती हे तिथले मोठे वेदान्ती. संन्याशाने वेदान्त वाचावा, हा भावुकांत नाचतो काय, असे ते म्हणत. भेटीत त्यांनी तोंडावर विचारले. चैतन्यांनी नम्रपणे सांगितले, की गुरूंनी मला मूर्ख जाणून वेदान्ताचा अधिकार नाही म्हटले आणि नाम दिले. ते घेता घेता मी हसतो, रडतो, नाचतो. मला वेड लागले असे वाटून मी गुरूंना विचारले, तर ते म्हणाले, हेच नामाचे फळ, नाच, आणि चारचौघांना बरोबर घे. निमाई पंडिताने स्वतःला मूर्ख म्हणवून घेतले, यातच त्या ताठ्याचे काय झाले ते समजावे. प्रकाशानंदांची मंडळी पुढे कीर्तनात उभी राहिली.

शेवटची बारा वर्षे काशी मिश्रांच्या घरातल्या गंभीरा नावाच्या लहानशा खोलीत विरहात गेली. १५३३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. कसे, याविषयी एकमत नाही. कोणी म्हणतात जगन्नाथात विलीन झाले, कोणी म्हणतात टोटा गोपीनाथात. जयानंद नावाच्या चरित्रकाराने साधी हकिगत दिली आहे, की आषाढात रथापुढे नाचताना डाव्या पायात विटेचा तुकडा घुसला आणि त्या दुखण्याने देह पडला. पुष्कळ वैष्णवांना ही हकिगत रुचत नाही. मला तिच्यात काही कमीपणा दिसत नाही. नाचणाऱ्याच्या पायालाच लागायचे.

त्यांच्या मागे ते नृत्य पार मणिपूरपर्यंत गेले. तिथे ढोल आणि झांजा घेऊन नाचत होणाऱ्या संकीर्तनाला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. मणिपुरी वैष्णवांत लग्न असो की श्राद्ध, संकीर्तनावाचून होत नाही.

हरिदासांची शेवटची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. ज्यांना नाम सोडत नाही म्हणून बावीस बाजारांतून फटके मारीत फिरवले, ते हे हरिदास. पुरीत ते देवळात जात नसत. गावातल्या एका बकुळीखाली राहून लांबून कळसावरच्या चक्राला नमस्कार करीत आणि रोज तीन लक्ष नाम घेत. रथापुढे नाचायला पहिल्या फळीत, आणि देवळाच्या दाराशी बाहेर. एवढ्या नाचानेही ते दार उघडले नाही. चोखोबांची आठवण इथे कोणाला होणार नाही? महाप्रभू मात्र दररोज दर्शन करून त्या बकुळीखाली येत.

हरिदास थकले. एक दिवस महाप्रभू सर्वांना घेऊन आले. त्यांच्या मुखाकडे पाहत, पाय हृदयाशी धरून, नाम घेत हरिदासांनी प्राण सोडला. चैतन्यांनी तो देह मांडीवर घेतला, उचलला, आणि हातांत घेऊन अंगणात नाचू लागले. मग पालखीत घालून समुद्राकडे नेले, पुढे महाप्रभू नाचताहेत, मागे वक्रेश्वर. समुद्रात स्नान घातले, वाळूत खड्डा केला, आणि पहिली वाळू चैतन्यांनी आपल्या हाताने लोटली. स्वर्गद्वाराजवळ ती समाधी आहे, पुरीला जाल तेव्हा चुकवू नका. तिथून ते थेट सिंहद्वाराशी आले. जे संन्यासी राजाला भेटत नव्हते ते प्रसाद विकणाऱ्या दुकानदारांपुढे उपरणे पसरून उभे राहिले आणि हरिदासांच्या उत्सवासाठी भिक्षा मागू लागले. दुकानदार टोपलीच्या टोपल्या देऊ लागले. पंगत बसली. वाढायला महाप्रभू स्वतः. पण त्यांना थोडे वाढता येईना, एकेका पानावर पाच-पाच जणांचे अन्न पडू लागले. तेव्हा स्वरूप दामोदरांनी त्यांच्या हातातून वाढप काढून घेतले आणि त्यांना बसायला सांगितले. तेही तिघांना घेऊन स्वतः वाढू लागले.